बिनदोऱ्याची दुपार

माझी थोरली जाऊ गोधडी शिवायची तेव्हा टाका इतका बारीक घालायची, की मुंगीला त्याच्याखालून जायचं असेल तर मिशा काढून ठेवाव्या लागत. आणि गोधडी इतकी जड, की तिच्याखाली निजलेला माणूस सकाळी उठवायला दोघं लागत, एक गोधडी उचलायला आणि एक माणूस. एकदा आमच्या गोठ्यात बिबट्या शिरला. दावणीपाशी निजलेल्या गड्यानं घाबरून अंगावरची गोधडी त्याच्यावर टाकली आणि धूम ठोकली. सकाळी जाऊन बघतो तर बिबट्या तिच्याखाली घोरत पडलेला. ही गोष्ट मी चाळीस वर्षं सांगतेय आणि दर वर्षी तो बिबट्या वीतभर वाढतो. पुढची गोष्ट मात्र मी आजवर कुणाला सांगितलेली नाही, त्यामुळे ती होती तेवढीच राहिली आहे.

थोरलीला आम्ही सगळे आक्का म्हणायचो. उरवड्याच्या अलीकडं आमचं घर. दोन भावांचं, मधोमध भिंत. दोघे भाऊ वर्षाच्या अंतरानं गेले आणि भिंतीच्या दोन बाजूंना दोन म्हाताऱ्या उरल्या. जमीन बरीचशी विकली, मागच्या बाजूला खोल्या काढल्या, त्यात कारखान्यातली पोरं भाड्यानं राहतात. माझ्या बाजूला वरच्या मजल्यावर माझा मुलगा आणि सून. आक्काच्या बाजूला आक्का एकटी. तिचा मुलगा पुण्याच्या अंगाला, नांदे गावात, सातव्या मजल्यावर. तो दर रविवारी गाडी घेऊन यायचा आणि म्हणायचा, "आई, चल आता."

आक्काला सातवा मजला म्हणजे जिवंतपणी शिंक्यावर टांगल्यासारखं वाटायचं. एकदाच गेली होती, चार दिवस. परत आली ती अंगणात उतरताच चपला फेकून मातीत उभी राहिली. "तितं खाली बघितलं तर मानसं तांदळातल्या किड्यावानी दिसत्यात," म्हणाली, "आन वर बघितलं तर दुसऱ्याची फरशी."

मुलगा ऐकेना, तेव्हा तिनं एक दिवस चारचौघात फुशारकी मारली. अंगणात गोधडी पसरलेली, बाया चारी बाजूंनी बसलेल्या. आक्कानं सुई वर धरली, दोरा जिभेवर फिरवला आणि बिनचष्म्याची एका झटक्यात ओवून दाखवली. "हे बघ," ती मुलाला म्हणाली, "ज्या दिशी मला सुई ओवाया येनार न्हाई, त्या दिशी बोचकं बांधून तुझ्या गाडीत बसंन. तवर त्वांड उघडायचं न्हाई."

"खरं?"

"आईच्यानं."

आमच्याकडं म्हातारी माणसं चुकतात ती अशीच. पायाचं, कमरेचं, कशाचंही बोलली असती तर पुढं सारवता आलं असतं. हिनं शपथ घेतली ती सुईवर. पुढं दर रविवारी चहा झाला की मुलगा हसत हसत सुई आणि रीळ पुढं करायचा आणि आक्का ओवून त्याच्या हातात द्यायची. तो सुई डोळ्यांपुढं धरून बघायचा, आणि गप गाडीत बसून नांद्याला जायचा.

मग तिचे डोळे गेले.

मला कळलं ते असं. एका पांढऱ्या धोतराच्या अस्तरावर ती लाल दोऱ्यानं शिवत होती आणि मला म्हणाली, "पांढऱ्यावर पांढरा कसा शोभून दिसतुया न्हाई?" मी म्हटलं, "लई." दुसऱ्या दिवशी ती माझ्या दारात आली, भिंतीला हात लावत लावत. पौडच्या डोळ्यांच्या शिबिराला मीच तिला घेऊन गेले. तिच्या मुलाला सांगितलं, देवाला चाललोय. डॉक्टर म्हणाला, मोतीबिंदू असता तर काढला असता, हा काचबिंदू आहे, गेलेली नजर परत यायची नाही. परतीच्या एसटीत आक्का पदराचा काठ बोटांनी चाचपत बसली. घोटावडे फाटा गेल्यावर म्हणाली, "डाक्टर न्हवं, पोरगंच हाय ते. मिसरूड फुटलं न्हाई अजून."

मदत माग म्हटलं तर ती मेली असती. दोन दिवसांनी मला म्हणाली, "तुला दिसभर काय काम नसतं. रिकामी बसून येडी व्हशील. सकाळच्याला ईस सुया ओवून ठेवत जा."

म्हणजे उपकार तिचेच माझ्यावर.

मी रोज सकाळी घोंगडीच्या तुकड्यात वीस सुया ओवून टोचून ठेवायचे आणि ती बोटांनी चाचपून एकेक उचलायची. हात तिचा तसाच होता. डोळे नसले तरी टाका वाकडा जात नव्हता. डाव्या अंगठ्यानं मागचा टाका दाबायचा आणि त्याच्या अदमासानं पुढचा. रविवारसाठी आम्ही वेगळी करामत बसवली होती. शनिवारी संध्याकाळी मी एक सुई ओवून तिच्या पदराच्या आत, डाव्या खांद्याशी टोचून ठेवायचे. रविवारी मुलानं सुई दिली की आक्का ती घ्यायची, दोरा तोंडात धरायची, पदर सावरायची, खोकायची, आणि त्या खोकल्यात सुईची अदलाबदल. असला खोकला काढायची की कोंबड्या अंगण सोडून रस्त्यावर जायच्या. आणि मग ओवलेली सुई बाहेर. एकदा तर तिच्या सुनेनं मोबाईलवर ते चित्रित केलं आणि सगळ्या नातेवाइकांना पाठवलं, वय ब्याऐंशी, बिनचष्म्याच्या सासूबाई. लांबलांबच्या लोकांनी हात जोडलेली चित्रं पाठवली. मी आतल्या खोलीत चुलीपाशी बसून हसून हसून ठसका लागून मरायची राहिले.

आता तुम्ही म्हणाल, जावाजावांची केवढी ही माया. थांबा जरा.

मी नवी लग्न होऊन आले तेव्हा सतरा वर्षांची होते. पहिल्या उन्हाळ्यात मी माझी पहिली गोधडी शिवली. एकटीनं, महिनाभर खपून. आक्कानं ती अंगणात पसरली, गल्लीतल्या सगळ्या बाया बोलावल्या, मला विळी आणायला सांगितली आणि म्हणाली, "उसव." सगळी. बायांनी बघायचं आणि मी उसवायचं. परत शिवली, परत उसवायला लावली. तिसऱ्यांदा उसवली तेव्हा माझ्या मांडीवर माझा पहिला मुलगा दूध पीत होता आणि त्याच्या अंगावर दोरे पडत होते. सासूबाई जोत्यावर बसून पान खात होत्या. चौथ्यांदा शिवलेली गोधडी आक्कानं पास केली, आणि दुसऱ्या दिवशी ती गोठ्यात वासरावर घातलेली मी बघितली.

हे असं पन्नास वर्षं. आणि आता त्या बाईच्या सुया मी ओवत होते. नांद्याच्या सातव्या मजल्याच्या आणि तिच्या मातीच्या मधे माझ्या दोन बोटांचा दोरा होता, हे तिला माहीत होतं आणि मलाही. मला वाटायचं, आता तरी जीभ आवरेल. कुठली! डोळे गेले तशी जीभ दुप्पट झाली. दोन्हीकडचं बळ तिकडंच गेलं असावं.

तो दिवस वैशाखातला. पावसाच्या आत गोधड्या उरकायच्या म्हणून शेजारणीची गोधडी आमच्या आंब्याखाली पसरली होती. चार कोपऱ्यांवर चार दगड. एका बाजूला शेजारीण, एका बाजूला मळ्यातली म्हातारी, एका बाजूला मी आणि समोर आक्का. डोंगरवाडीवरची करवंदं विकणारी बाई टोपली उतरवून सावलीला टेकली होती, चहा होईपर्यंत. घरात चहा उकळत होता. गप्पा मजेत चालल्या होत्या. मळ्यातली सांगत होती की तिची सून तिला ताटात चपाती फेकून वाढते, आणि आम्ही तिला सल्ला देत होतो की तोंडानं झेलायला शीक.

तेवढ्यात आक्काचा हात गोधडीवरून सरकत सरकत माझ्या बाजूला आला. माझ्या ओळीवरून बोटं फिरली. थांबली. परत फिरली.

"हितं कोंबडी नाचली का गं?" आक्का म्हणाली.

बाया फिसकन हसल्या.

"न्हाई, नाचली आसंल तर सांगा. धाकटीच्या हाताचं हाय म्हना. पन्नास वर्सं झाली, मानूस मेलं, जमीन गेली, पर हिचा टाका काय सुधारला न्हाई. अगं, तुझ्या टाक्यातून गाय जाईल शिंगासकट."

मळ्यातलीच्या डोळ्यांतून पाणी आलं हसून. शेजारीण म्हणाली, "आक्का, लई वंगाळ बोलता बाई तुमी," आणि सगळ्यात जास्त तीच हसत होती. मीही हसले. हसताना माझं लक्ष त्या सुयांकडं गेलं. ओवलेल्या संपत आल्या होत्या. आक्कानं हात पुढं केला.

"दे गं सुई."

मी डबीतली नवी सुई काढली आणि दोरा न ओवता तिच्या बोटांत दिली.

बाकीच्यांना डोळा मारला. त्यांच्यापैकी कुणाला आक्काच्या डोळ्यांचं माहीत नव्हतं. आता कळलं. मला वाटलं होतं, दोन टाके घालेल, मला शिवी घालेल, सगळं हसण्यावारी जाईल आणि मी दुसरी देईन. माझ्या मनात एवढंच होतं. निदान त्या वेळी एवढंच होतं.

आक्कानं सुई खुपसली, वर काढली आणि दोरा ओढायला हात लांब केला. पूर्ण हात, खांद्याच्या वर, नेहमीसारखा. काहीच नसलेलं तिनं हातभर ओढलं, अंगठ्यानं मागचा टाका दाबला आणि पुढचा घातला. परत हात वर. परत खाली. मळ्यातलीनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. शेजारीण गुडघ्यात डोकं घालून गदागदा हलत होती.

"वढून घ्या गं," आक्का म्हणाली, "टाका ढिला ऱ्हायला की पावसाळ्यात गोधडीचं प्वाट सुटतं."

ह्याच्यावर मळ्यातली मागं उताणीच पडली.

ओळ पुढं सरकली. आक्का कोपऱ्यावर आली, वळली, न चुकता, काटकोनात. मग थांबली. "दोरा सपला. दुसरी दे."

सपला! मी दुसरी दिली. तीही तशीच. अशा पाच दिल्या. दर सुईला जेवढा दोरा पुरतो तेवढेच टाके घालून ती थांबायची आणि हात पुढं करायची, आणि मी द्यायचे. शेजारणीनं मोबाईल काढला होता. मी बघितलं. तिच्याकडं बघून मी नको म्हणू शकत होते, नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. मी पदर नीट घेतला.

करवंदंवाली सगळा वेळ माझ्या तोंडाकडं बघत होती. आक्काकडं नाही, माझ्याकडं. चहा आला तेव्हा ती उठली, टोपली डोक्यावर घेतली आणि चालू लागली. मी म्हटलं, "अगं, च्या घे की." ती म्हणाली, "नगं बाय." मागं वळून बघितलं नाही तिनं.

ऊन कललं तेव्हा आक्कानं सुई ठेवली, त्या ओळीवरून तळहात फिरवला आणि म्हणाली, "झालं की." भिंत धरत आपल्या घरात गेली.

मोबाईलवरचं गावभर फिरलं. आमच्या गावात पाण्याची लाईन यायला बारा वर्षं लागली, पण हे नांद्याच्या सातव्या मजल्यावर दिवेलागणीच्या आत पोचलं. रविवारी मुलगा आला तेव्हा चहा मागितला नाही की सुई काढली नाही. ओसरीवर बसून राहिला. बरोबर आलेल्या त्याच्या बायकोनं माझ्यापुढं मोबाईल धरला. शहरातली मुलगी, आवाज चढवला नाही.

"काकी, ह्यात तुम्ही हसताय."

मी म्हटलं, "हसायचंच वय हाय बाई आमचं."

मुलानं मोबाईल बाजूला सारला. मग मला म्हणाला, "काकी, तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"झालं असंल वरीस."

"मग सुया तुम्हीच..."

"मीच."

त्यानं मान खाली घातली. पोरगा वाईट नाही, आईवर गेला नाही. म्हणाला, "तिला तिथं करमायचं नाही, हे मला कळत नाही असं नाही. काकी, तुम्ही बघाल का तिच्याकडं? जेवण मी लावून देतो, धुण्याभांड्याला बाई ठेवतो. नुसतं तुम्ही लक्ष ठेवायचं. तुम्ही हो म्हणा, मी आत्ता तिला इथंच ठेवतो. परत नाव काढत नाही."

आतल्या दाराशी आक्का उभी होती. मला तिचे पाय दिसत होते, उंबऱ्याच्या अलीकडं. तिला मी दिसत नव्हते, पण कान माझ्याकडं होता. वर्षभर जे करत होते तेच पुढं करायचं होतं. वीस सुया. भिंतीपलीकडून एक हाक. मला तेवढं सहज जमलं असतं, ह्यात तिळभर खोटं नाही.

मी मोठ्यानं हसले. "माझ्याकडं कोन बघतंया रं बाबा? आंधळ्याला लंगड्याच्या खांद्यावर कशाला देतोस?"

उंबऱ्यापाशी पाय हलले. आक्का आत गेली आणि तिनं ट्रंक ओढल्याचा आवाज आला.

मला वाटलं होतं जाताना तळतळाट देईल, निदान एक सणसणीत शिवी तरी. नाही. अंगणातून गाडीपर्यंत मुलाचा हात धरून गेली आणि गाडीच्या टपाला कपाळ आपटलं तेव्हा फक्त "आई" म्हणाली.

त्यानंतर बाया आठ-दहा दिवस आल्या. पण गोधडीवर बसून करायचं काय? कुणाचा टाका कसा आहे हे सांगणारं कुणी नव्हतं. मी सांगून बघितलं, तर मळ्यातली म्हणाली, "तू नगं बोलूस, तुझा तर आमच्याहून वंगाळ." मग शेजारणीनं दुकानातून ब्लँकेटं आणली, फुलांची. भाडेकरू पोरं म्हणाली, आजी, मशीनची गोधडी मिळते आता, घरपोच.

दिवाळीनंतर मी नांद्याला गेले. मुलानंच फोन केला होता, आई जेवत नाही नीट, जरा येऊन जा. पिरंगुटला जाऊन तिथून पुढं रिक्षा केली. वाटेत पाहावं तिकडं भातखाचरांच्या कडेनं इमारती उभ्या, हिरव्या जाळ्या बांधलेल्या. लिफ्टमध्ये माझे कान बसले. सुनेनं दार उघडलं, चांगलं बोलली, पाणी दिलं. आक्का आतल्या खोलीत पलंगावर बसली होती, भिंतीकडं तोंड करून. पाठ पहिल्यापेक्षा निम्मी झालेली. हात मांडीवर, आणि डावा अंगठा पलंगपोसावर दाबत दाबत पुढं सरकत होता. मग मागं यायचा, परत तिथूनच. पलंगपोस तेवढ्यापुरता घासून पांढरा झाला होता.

"कोन हाय?"

"मी, आक्का."

अंगठा थांबला. "धाकटी व्हय. बस."

मी बसले. गावातलं सांगितलं. कोण मेलं, कुणी जमीन विकली, कुणाच्या सुनेनं काय केलं. जरा चढवूनच सांगितलं, हसेल म्हणून. ती हसली नाही. मग मीच विषय काढला. म्हातारपणी माणसाला काय खाजवतं कोण जाणे. म्हटलं, "आक्का, त्या दिवशीचं मनाला लावून घेऊ नका. गंमत झाली. तुमाला कळलं आसतं तर तुमीपन हसला आसता."

"कळलं व्हतं की."

"काय?"

"पैल्याच टाक्याला कळलं व्हतं. दोरा कापडातनं जातु तवा आवाज हुतो. सत्तर वर्सं तोच आवाज ऐकत आले मी. तुला काय वाटलं, माझं कान बी गेलं?"

मी म्हटलं, "मग थांबला का न्हाई तुमी? सुई फेकून मारायची माझ्या तोंडावर."

"सुई फेकली आसती तर मला दिसत न्हाई ते बायांना कळलं आसतं."

"त्यास्नी कळलंच व्हतं. हसत व्हत्या सगळ्या."

"त्या हसत व्हत्या ते ऐकलं मी. म्हनूनच म्हनलं, आता तू थांबिवशील. पैली सुई दिली, म्हनलं राग आलाय, मी बोललेच तशी. दुसरी मागितली, म्हनलं आता ओवून दील. तिसरी मागितली." तिनं हात वर केला, दोरा ओढायला लांब करावा तसा, आणि अर्ध्यावर सोडून दिला. "पाच मागितल्या मी."

मी तिच्या अंगठ्यानं घासलेला पलंगपोस हातानं सारखा करत बसले.

सून चहा घेऊन आली. आक्कानं कप घेतला, बशीत ओतला आणि फुंकर घालून प्यायली. मीही प्यायले. गोड होता. निघताना सून मला दारापर्यंत सोडायला आली. म्हणाली, "परत या हं काकी. आईंना तुमच्याशी बोलून बरं वाटतं."

आतून आक्काचा आवाज आला, पूर्वीसारखा, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असा.

"न्हाई यायची ती. लिफ्टचं बटान दाबून दे तिला."

तीन पावसाळे झाले. नांदे काही लांब नाही, आता तर पिरंगुटाहून सरळ बस आहे. मी गेलेले नाही.